सीडी प्लेअरचा कस

फौजेतून सुटून आलो आणि वर्षाच्या आत माझं आमच्या टेपरेकॉर्डरशी बिनसलं.

सांगलीत, गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. मुलगी लग्न होऊन साताऱ्याला गेली होती. मी एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायचो आणि साडेपाचला घरी यायचो. चोवीस वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळ माझ्या मालकीची झाली होती. तिचं काय करायचं हे मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. राजस्थानच्या रेतीत, काश्मीरच्या बर्फात, तोफेच्या मागं उभा असताना मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आलो होतो, की एकदा घरी गेलो की खुर्ची टाकायची, डोळे मिटायचे आणि भजनातला टाळ ऐकायचा.

आमचं गाव औंधाजवळचं. भरती होण्याआधी मी गावच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचो. लोक पेटीवाल्याचं कौतुक करतात, पखवाजवाल्याचं करतात, टाळकऱ्याकडं कोणी ढुंकून बघत नाही. पण टाळाची कड कडेवर नीट बसली की जो बारीक, लांब आवाज निघतो, तो हातातून सुटून देवळाच्या कळसापर्यंत जातो असं मला तेव्हा वाटायचं. सपाट बसला तर थप्प करून मरतो. मी माझा टाळ कधी मरू दिला नाही, एवढी एकच फुशारकी त्या वयात माझ्याकडं होती.

आणि आता आमच्या टेपवर प्रत्येक टाळ थप्प वाजत होता. टेप काही भंगार नव्हता, नोकरीत असताना कँटीनमधून घेतलेला होता. पेटी यायची, पखवाज यायचा, बुवांचा आवाज यायचा, पण वरचं सगळं कुणी गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं. मी टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं. कॅसेट बदलली. मग बुवा बदलले. मग स्पीकर बदलले. रविवारी सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचो ते जेवणाची वेळ टळली तरी उठायचो नाही, आणि बायको दारात येऊन बघून जायची.

"त्यात मागं एकसारखं सूं वाजतंय बगा," ती एकदा म्हणाली. "तेवढं काढा."

"कुठं वाजतंय? आत्ताच हेड पुसलंय. कायबी सांगतीस."

ती तशी कमीच बोलायची, आणि लांबून तर कधीच नाही. शेजारच्या बायका स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाका मारायच्या, आवं, च्या झाला, या. आमची जवळ यायची, खांद्यावर हात ठेवायची आणि मी वळून तिच्याकडं बघितलं की मग बोलायची. बँकेतल्या लोकांना मी तोऱ्यात सांगायचो, आमच्या घरात आवाज चढत नाही, फौजेची शिस्त आहे.

स्पीकर बदलूनही काही झालं नाही तेव्हा मी बाजारातल्या रेडिओवाल्याकडं गेलो. त्यानं माझं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि हसला.

"हवालदारसायेब, कॅसेट म्हंजे शेवटी घासून काढलेला आवाज. आता डिजिटल आलंय. घासायचं न्हाई, झिजायचं न्हाई, खरखर न्हाई. टाळ म्हंजे तर लय बारीक काम. ते टेपचं कामच न्हवं."

त्याच्याकडं दाखवायला म्हणून एक सीडी प्लेअर होता. त्यानं आरशासारखी तबकडी दोन बोटांत कडेनं धरून उजेडात फिरवली, तिच्यावरून रंग पळाले, आणि मी तिथंच भुललो. त्यानं ती आत सारली, आवाज मोठा केला, कसलीशी सतार लावली. खरं सांगायचं तर मी ऐकलं कमी आणि बघितलं जास्त. काचेमागं हिरवे आकडे पळत होते. एवढं घड्याळासारखं चालणारं यंत्र माझा टाळ कशाला चुकवेल, असं मला वाटलं.

पण हा साधा आहे, रेडिओवाला म्हणाला. टाळ ऐकायचा तर वरचा जपानी घ्या, तो इथं मिळणार नाही. त्यानं किंमत सांगितली. तेवढ्यात दुभती म्हैस आली असती आणि वर्षाची पेंडही. मी दुकानातून निघालो तो सायकल हातात धरून कृष्णेच्या पुलापर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा दुकानासमोरून गेलो. घरी पोचेपर्यंत मी सीडी प्लेअर घेऊन टाकला होता, मनात.

अडचण एकच होती. घर बांधताना स्वयंपाकघराचा ओटा राहून गेला होता. बायको खाली बसून स्वयंपाक करायची. तिचे गुडघे कामातून गेले होते, उठताना ती भिंतीला हात लावायची आणि "आई गं" म्हणायची. ओट्याचा कडप्पा आणून परसात भिंतीला टेकवून ठेवला होता. गवंडी सांगून झाला होता. ओटा, नळ, मोरी, भिंतीच्या फरश्या, या सगळ्याचे पैसे कपाटात वेगळे काढून ठेवले होते, आणि दुसरे पैसे आमच्याकडं नव्हते.

मी तिला विचारलं नाही, सांगितलं. डिजिटल म्हणजे काय तेही समजावलं, मला समजलं होतं तेवढं.

"घ्या की," ती म्हणाली. "इतक्या वर्सांत तुमी सोतासाठी काय मागितलंय?"

भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडण जमतं. तिनं लगेच हो म्हटलं आणि त्या दिवसापासून परसात जाताना मी त्या कडप्प्याकडं बघायचं टाळायला लागलो.

माझा मेव्हणा, तिचा धाकटा भाऊ, विट्याकडचा. तिकडच्या निम्म्या घरांतल्यासारखाच तोही गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्याच्या. त्याचं दुकान मद्रासला. वर्षातून एकदा चैत्रात गावच्या जत्रेला तो यायचा. मद्रासला परदेशी वस्तूंचा बाजार भरतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्याला पत्र टाकलं, सर्वांत भारी असेल तो आणा. तो जत्रेला आला तेव्हा सतरंजीत गुंडाळलेला प्लेअर रेल्वेत सारा वेळ मांडीवर धरून घेऊन आला. सोबत भजनांची एक सीडी. बुवा तेच, भजनं तीच, जी माझ्याकडं कॅसेटवर होती.

"दाजी, पैसं लगीच नगंत," तो म्हणाला. "चार दिस वाजवा. पसंत पडला तर ठिवा. न्हाईतर विट्यात एकजण नव्या बंगल्यासाठी टपलाय. मी रविवारी येतो, सोमवारी मला गाडी हाय."

ते चार दिवस मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी लावला, टाळ थप्प. म्हटलं नवं यंत्र आहे, तापायला वेळ लागत असेल. दुसऱ्या दिवशी स्पीकर जमिनीवरून कपाटावर चढवले. तिसऱ्या दिवशी कपाटावरून खिडकीत. खुर्ची पुढं घेतली, मागं घेतली, शेवटी स्पीकरला कान लावून उभा राहिलो. बँकेत उभं राहवेना, घरी बसवेना. आणि शेजारीपाजारी कुणी आलं की मीच मोठ्यानं म्हणायचो, "ऐका, ऐका! काय सफाई हाय!" मद्रासहून मांडीवर आणलेल्या यंत्राला नावं कशी ठेवणार? बायको दाराशी उभी राहून ऐकायची आणि माझ्याकडं बघायची.

एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती मी कधी स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. आमच्या वेळी तोफेवर कानात कापूस घालणाऱ्याची टर उडवायचे. त्याला नवरीबाई म्हणायचे. मी नवरीबाई झालो नाही. फायरिंग झालं की कानात दोन-दोन दिवस रातकिडे ओरडायचे, मग गप्प व्हायचे, आणि आम्ही हसायचो. वर्षातून एकदा तपासणी असायची. आपल्याला पाठ करून उभं करायचे आणि डॉक्टर मागून कुजबुजत आकडे सांगायचा, ते आपण परत म्हणायचे. कानानं कमी निघालो तर तोफेवरून काढून कोठारात नाहीतर कचेरीत टाकतील, ही धास्ती. समोरच्या रांगेत माझा दोस्त उभा असायचा. तो डॉक्टरचा आकडा ऐकून पोटाशी धरलेल्या हातानं मला बोटं दाखवायचा. तीन, मग दोन. "बत्तीस, साब!" सुटण्याच्या तपासणीतसुद्धा मी असाच खणखणीत पास झालो.

हा किस्सा मी बायकोला लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी सांगितला होता, पण आमच्या तुकडीतल्या एका दुसऱ्याच जवानाचा म्हणून. ती खूप हसली होती. "लई बेरकी की वं त्यो," म्हणाली होती.

माणसांचं बोलणं मला ऐकू यायचं. बँकेची घंटा ऐकू यायची. मग कानाचा काय संबंध? मी प्रत्येक वेळी असंच म्हणून विषय मिटवायचो आणि पुन्हा हेड पुसायला घ्यायचो.

रविवारी सकाळी मेव्हणा आला. मी त्याच्या तोंडावर पुन्हा सफाईचं कौतुक सुरू केलं. तो चहा पीत शांतपणे ऐकत राहिला. सोन्याच्या धंद्यातली माणसं फार ऐकून घेतात आणि फार कमी पटवून घेतात.

"दाजी, राग मानू नगा," तो म्हणाला. "माझ्याकडं गिऱ्हाईक येतं, म्हणतं सोनं बावीस क्यारेट हाय. त्याला तसं वाटतंयच, खोटं न्हाई बोलत बिचारं. पर मी त्याचं ऐकून पैसं देत न्हाई. दगडावर घासतो, कस बघतो. एवढं पैसं घालताय तर ह्याचाबी कस लावू या."

मी नाही कसं म्हणणार?

त्यानं टेप आणि सीडी प्लेअर शेजारी ठेवले, दोन्हींवर एकच भजन लावलं. वायरी अशा जोडल्या की एका बटणानं एकाचा आवाज जाऊन दुसऱ्याचा यावा. वरून चादर टाकली आणि स्वतः चादरीत डोकं घालून बसला, जुन्या फोटोवाल्यासारखा.

"तुमी पाठ करून बसा," तो आतून म्हणाला. "मी दोनदा वाजवनार. सीडी पयली का दुसरी, एवढंच सांगायचं. असं पाच डाव."

पाठ करून बसा, हे ऐकलं आणि माझ्या टाचा आपोआप जुळल्या. मी खुर्ची फिरवली. आता माझं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं होतं. बायको दाराला टेकून उभी होती.

पहिला डाव. भजन वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. मी सगळा जीव कानात आणला. थप्प, थप्प. थप्प, थप्प. काही म्हणजे काही फरक नव्हता.

"पहिली," मी ठोकून दिलं.

"हं," मेव्हणा म्हणाला. चूक की बरोबर ते नाही सांगितलं. कस लावताना ते सांगत नसावेत.

दुसरा डाव. ओटा, कडप्पा, मद्रास, बुवा, सगळं डोक्यात गरगरत होतं. दोन्ही तुकडे वाजून संपले. मी तोंड उघडलं आणि माझी नजर समोर गेली.

बायकोनं पोटाशी पदर धरला होता. त्या पदरावर, माझ्याकडं करून, तिची दोन बोटं होती.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. तिचा चेहरा अगदी साधा होता, दळण आणायला सांगताना असतो तसा. बोटं हलत नव्हती.

"दुसरी," मी म्हणालो.

तिसऱ्या डावाला तिनं एक बोट दाखवलं. चौथ्याला एक. पाचव्याला दोन. मी जवानासारखा आकडे म्हणत गेलो.

मेव्हण्यानं चादर फेकली. "शाब्बास दाजी! पयला चुकला, पुढचं चार चोख. कान हाईत तुमचं! ठिवा मशीन, पैसं वाया न्हाई जायाचं." मग बहिणीकडं वळून म्हणाला, "आक्का, तुला कळला का गं फरक?"

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली आणि आत गेली. तिनं भिंतीला हात लावला, खाली बसली आणि परातीत पीठ घेतलं.

मी जिंकलो होतो. मशीन माझं झालं होतं. मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा दारापर्यंत गेलो. मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. जे मी डॉक्टरांपासून, साहेबांपासून, स्वतःपासून लपवलं ते ही बाई किती वर्षं पदरात बांधून फिरत होती? मग परसातला कडप्पा दिसला आणि राग कुठल्या कुठं गेला. फक्त लाज राहिली.

"पाव्हणं," मी म्हणालो, "घेऊन जावा ते."

"आं? का वं?"

"मला ऐकू येत न्हाई."

"काय ऐकू येत न्हाई?"

"टाळ. बारीक आवाज कसलाच येत न्हाई. तोफांनी कान गेलेत माझं. आकडं तुमच्या आक्कानं सांगितलं."

आयुष्यात पहिल्यांदा हे माझ्या तोंडातून बाहेर पडलं होतं. मेव्हणा चादर हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"पर दाजी, मशीन चांगलं हाय," तो शेवटी म्हणाला.

"मशीन चांगलंच हाय," मी म्हणालो. "कस माझाच कमी निघाला."

मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ती भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"पयल्या सुट्टीपास्नं," ती म्हणाली. "तुमी येणार म्हणून कोपरापत्तुर काचंच्या बांगड्या भरल्या हुत्या. तुमी ओसरीवर बसलेला. मागं उभी ऱ्हाऊन लय वाजवल्या. तुमी वळलाच न्हाई. मला वाटलं मी पसंतच न्हाई."

"मग?"

"मग एकदा पितळंची वाटी पडली, तवाबी वळला न्हाई. तवा जीव भांड्यात पडला."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "मग इतक्या वर्सांत बोलली का न्हाईस?"

"तुमी फौजेत सांगितलं न्हाई. मी कशाला सांगू?"

तव्यावर भाकरी फुगली. तिनं ती उलटली. मला एक गोष्ट विचारायची होती आणि कुणाला विचारायची ते तोपर्यंत कळत नव्हतं. "त्या मशीनवर टाळ कसा वाजतोय गं?"

ती थांबली. पिठाचे हात तसेच धरून तिनं विचार केला.

"टेपावर नुसता वाजतोय," ती म्हणाली. "त्याच्यावर वाजून झाल्यावरबी ऱ्हातोय. लय वेळ ऱ्हातोय."

म्हणजे रेडिओवाला खरं बोलत होता. यंत्र त्याच्या किमतीचं होतं. मला एकदम वाटलं, मला नाही तर निदान हिला तरी.

"मग ठेवू या?" मी म्हणालो. "तुझ्यासाठी?"

"मला ओटा पायजे," ती म्हणाली.

प्लेअर त्याच सतरंजीत गुंडाळून विट्याच्या बंगल्यात गेला. आठवड्याभरात गवंडी आला, कडप्पा बसला, नळ बसला. बायको उभी राहून स्वयंपाक करायला लागली आणि "आई गं" बंद झालं. टेप आम्ही ठेवला. ती कधी कधी भजन लावते, मी पखवाज ऐकतो आणि टाळ कुठं येणार तिथं मांडीवर बोट वाजवतो. हेड मी आता पुसत नाही.

एकच वाईट झालं. गुपित फुटल्यावर तिची भीड चेपली. आता ती ओट्याशी उभी राहूनच ओरडते, "आवं, च्या झाला!" गल्लीतल्या पोराटोरांनासुद्धा ठाऊक झालंय, हवालदार बहिरा आहे. ओरडली की मला तिचा आवाज चांगला ऐकू येतो. तरी मी ओ देत नाही. पेपर तोंडापुढं धरून बसून राहतो. ती दुसऱ्यांदा ओरडते, तिसऱ्यांदा ओरडते, मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटत गॅस बारीक करून बाहेर येते आणि माझ्या खांद्यावर हात ठेवते. मग मी वळतो.